डाव्या चाकाची उत्तरपूजा

दादर, २१ नोव्हेंबर

ती. नानामामांस वीरेंद्रचा नमस्कार.

एकाच शहरात राहून पत्र लिहितो आहे, याचे तुम्हाला आश्चर्य वाटेल. कंपनीच्या वकिलांनी फोनवर काहीही बोलायला मनाई केली आहे. शिवाय तुम्ही व्हॉट्सॲप उघडत नाही, हे एका परीने बरेच झाले.

आमच्या विमानाचे प्रकरण तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेलच. मुंबईत उतरताना त्याचे डावीकडचे लँडिंग गिअर, म्हणजे चाकांचा डावा पाय, धावपट्टीला लागताच दुमडला आणि विमान कुशीवर घासत गेले. जीवितहानी नाही. जखमी बरेच आहेत, एक बाई अजून रुग्णालयात आहेत. सरकारी चौकशी सुरू झाली आहे. आमचे अध्यक्षसाहेब मला म्हणाले, "वीरेंद्र, एकही माणूस दगावला नाही, ही तुझ्या मामांनी केलेल्या खंडेनवमीच्या पूजेची पुण्याई."

त्या पूजेसंबंधीच काम आहे. देखभाल विभागाचा प्रमुख म्हणून अहवाल मला द्यायचा आहे, आणि चूक कोणाची हे उघड आहे. संघर्ष नावाचा आमचा तंत्रज्ञ, वरळीच्या बीडीडी चाळीतला. तुम्ही त्याला पाहिले आहे. आरतीच्या वेळी हँगरच्या दाराशी हात बांधून उभा होता, तो. असल्या लोकांच्या मनात आपल्या गोष्टींविषयी अढी असतेच, तुम्हाला वेगळे सांगायला नको. त्याने पूजेत व्यत्यय आणला, उद्धट बोलला, प्रसाद नाकारला आणि रागाच्या भरात डाव्या पायाचे काम हलगर्जीपणे केले, असे मी लिहिले आहे. त्याला निलंबित केले आहे. परवाना जाईल, पोलीसही बोलावतील. पूजा सांगणारे वडीलधारे म्हणून तुमचे चार ओळींचे निवेदन सोबत जोडायचे आहे. मसुदा पाठवत आहे. तुम्ही फक्त सही करायची.

अध्यक्षसाहेब दसऱ्याला नाडा कापतात, तो फोटो चौकटीत घालून पाठवला होता. दिवाणखान्यात लावला ना?

तुमचा
वीरेंद्र

*

गिरगाव, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. वीरेंद्र यास आशीर्वाद. तुझ्या आईने जाताना तुझ्यासाठी माझ्याकडे ठेवलेल्यांपैकी थोडे अजून शिल्लक आहेत, त्यांतूनच पाठवतो.

तुमच्या अध्यक्षांचे धर्मशास्त्र वाचून ऊर भरून आला. विमानातली माणसे वाचली ती पूजेमुळे, आणि पाय मोडला तो संघर्षामुळे. यशाचा धनी देव आणि अपयशाचा धनी नोकर, अशी वाटणी करणारी देवता मला इतक्या वर्षांच्या उपासनेत भेटली नाही. ती बहुधा तुमच्या कार्यालयातच वस्तीला असावी आणि तिला दरमहा वेतन मिळत असावे.

आता त्या दिवसाचे. हिंदमाताच्या कापडवाल्यांपासून लालबागच्या छापखान्यांपर्यंत सर्वांनी गुरुजी आधीच अडकवून ठेवले होते, म्हणून तू मला उचलून नेलेस. मी आपल्या घराण्याच्या रीतीने तुमची सारी हत्यारे चौरंगावर मांडली आणि एकाच अखंड रक्षासूत्रात गुंफली, प्रत्येकास दोन वेढे देऊन. कारण कोणतेही हत्यार एकटे काम करीत नाही, अशी आपल्या वाडवडिलांची समजूत. पूजेत बसवलेले हत्यार उत्तरपूजा होईपर्यंत हलवू नये, हा नियम. परंतु उत्तरपूजेला काय लागते? चार अक्षता आणि पळीभर पाणी. देव आपल्या यजमानाइतके मानाचे भुकेले नसतात. "आता यावे" म्हटले की उठतात.

ती मला करू दिली नाहीस. "उद्या होईल" म्हणालास. दुसऱ्या दिवशी तुमचे अध्यक्ष आले, मंचावर चढले आणि त्यांनी ते रक्षासूत्र कात्रीने कापले! जन्मभर उद्घाटने केलेल्या माणसाला लाल दोरा दिसला की कात्री आठवते, हा त्यांचा दोष नव्हे. कात्री तबकात घालून पुढे करणाऱ्याचा आहे. टाळ्या पडल्या. देवीला निरोप कोणीच दिला नाही. माझ्या हिशेबाने ती अजून तुमच्या पान्यांत आणि पकडींत अवघडून बसली आहे.

चौकट लावली आहे, पंचांगाच्या शेजारी. पंचांगात जे सांगता येत नाही, ते तिच्यात दिसते.

मसुद्यावर सही करीत नाही. तो मुलगा आरतीला दाराशी उभा राहिला, हे खरे. तो त्याच्या धम्माचा माणूस आहे. जे मानत नाही त्यापुढे खोटा वाकला नाही. वाकलेल्यांतले निम्मे मोबाईलकडे पाहून वाकले होते, ते तुझ्या मसुद्यात मोठे भाविक ठरले आहेत. आणि प्रसाद त्याने घेतला. पेढा हातात घेऊन मला म्हणाला, "आजोबा, अजून एक द्या ना, पोरीला नेतो." मी दिला. त्या पेढ्याचे तुझ्या अहवालात काय झाले? तुम्हीच खाल्लात?

एक मात्र कळव. मी यंत्रांच्या बाबतीत अडाणी. त्या पायाचे काम नेमके काय होते, कधी झाले आणि कशाने?

नाना

*

दादर, २८ नोव्हेंबर

ती. मामांस,

तुमचे पत्र वाचून वाईट वाटले. मी अडचणीत आहे आणि तुम्हाला विनोद सुचतात.

तुम्ही विचारले म्हणून सांगतो. विमानाचा पाय खाली उतरला की एक तिरका टेकू त्याला ताठ धरून ठेवतो. त्या टेकूचा बोल्ट ठरलेल्या ताणानेच आवळावा लागतो. अंदाज चालत नाही. सैल राहिला की दर फेरीत थोडाथोडा सुटत जातो आणि एक दिवस टेकू निसटतो. ताण मोजून आवळायला टॉर्क रेंच लागतो. लांब दांड्याचा असतो, मानेवर आकडे कोरलेले. त्या मापाचा आमच्याकडे एकच आहे. खंडेनवमीच्या दुपारी, पूजा आटोपल्यावर, संघर्षने त्याच रेंचने तो बोल्ट आवळला आणि संध्याकाळी विमान गेले. काम पूर्ण झाल्याचे संगणकात मी स्वतः नोंदवले आहे. तेव्हा बोल्ट सैल राहिला तो त्याच्या हाताने. आता हे संघर्षसाहेब सांगत सुटले आहेत की रेंच मिळालाच नव्हता, साध्या पान्याने आवळून ठेवला होता. उद्या म्हणतील, विमानच नव्हते.

मामा, तुम्ही पूजेत मग्न होता. तुम्हाला ऐकूही कमी येते. तुम्हाला कोणी साक्षीला बोलावणार नाही, तुमचा कागद नुसता फाइलला लागणार आहे. पेढ्याची ओळ हवी तर काढून टाकतो. सिद्धांतचे यंदा बारावीचे वर्ष आहे. बापाचे नाव पेपरात आले तर त्याने कॉलेजात तोंड कसे दाखवायचे? आई असती तर तिला तुम्हाला दोनदा सांगावे लागले नसते.

वीरेंद्र

*

गिरगाव, मार्गशीर्ष शुद्ध एकादशी

चि. वीरेंद्र यास,

आशीर्वादाचा डबा हलवून पाहिला. तळाशी काही वाजते आहे.

तुझ्या मागच्या पत्राबद्दल मी तुझा ऋणी आहे. आजवर मला कोणी इतक्या सोप्या भाषेत समजावून दिले नव्हते. लांब दांड्याचा, मानेवर आकडे कोरलेला तो पाना माझ्या चांगला ओळखीचा निघाला. सर्व हत्यारांत देखणा म्हणून मी त्यालाच चौरंगाच्या मध्यभागी बसवले होते आणि त्याच्या मानेवर कुंकवाची पाच बोटे ओढली होती.

काल भिंग घेऊन तुझ्या चौकटीसमोर उभा राहिलो. अध्यक्षांचे दात स्वच्छ आहेत. कात्री चकचकीत आहे. तिच्या दोन पात्यांमध्ये माझे रक्षासूत्र आहे, अजून न कापलेले. त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी नजर फिरवली. कोठे जोड नाही, कोठे सोडून पुन्हा बांधल्याची खूण नाही. टोकाची गाठ माझी आहे. ती माझ्या वडिलांनी मला शिकवली, आणि मी तुला शिकवू गेलो तेव्हा तुला क्रिकेटला जायची घाई होती. मध्यभागी तो पाना. त्याच्याभोवती माझे दोन वेढे, मानेवर माझी पाच बोटे, एकही पुसलेले नाही.

हा फोटो दसऱ्याच्या सकाळचा. मग मला सांग, आदल्या दुपारी हा पाना बोल्ट आवळायला गेला कसा? वेढ्यांतून अलगद निसटला, काम करून आला आणि कुंकू न विस्कटता पुन्हा आपल्या जागी बसला? असे असेल तर तुमच्या कंपनीत विमाने कशाला हवीत? पानेच आकाशमार्गे उतारू नेतील.

आता माझ्या कानाविषयी. डावा कान गेला आहे, हे खरे. तू उजवीकडे उभा होतास.

तो मुलगा आत आला आणि म्हणाला, "सर, तो रेंच लागेल. डाव्या पायाचा बोल्ट बाकी आहे."

तू म्हणालास, "पूजा मांडलीय, दिसत नाही का तुला?"

मी म्हणालो, "अरे, घेऊ दे त्याला. पळीभर पाणी सोडतो, देवी उठते. तिची काही हरकत नसते."

"मामा, तुम्ही मध्ये पडू नका हो. उद्या साहेब येतायत, फोटोग्राफर सांगितलाय. मांडणी हलली तर माझी वाट लागेल."

तेव्हा तो म्हणाला, "मग मी हाताने आवळून ठेवतो, सर. पण ते पक्कं नाही हां. रेंच मिळेस्तोवर विमान सोडू नका."

आणि तू म्हणालास, "मी बघतो रे."

"मी बघतो" या दोन शब्दांचा मुंबईत अर्थ असा, की यापुढे या गोष्टीकडे कोणीही बघणार नाही. कोणत्या पायाचे बोलणे चालले आहे, हे मला त्या दिवशी उमगले नाही. मला वाटले, एखाद्या शिडीचा किंवा टेबलाचा पाय असेल. माणसांनी भरलेले विमान त्या पायावर उभे राहणार होते, हे तुझ्या पत्रातून कळले. तुला मात्र ते त्याच दुपारी ठाऊक होते.

ज्याचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वर चालायचा, असा एक सत्यवादी राजा आपल्या पुराणांत आहे. आयुष्यात एकदा अर्धवट खोटे बोलला आणि रथाची चाके भुईला लागली. तुम्ही त्याच्यावर कडी केलीत. सगळेच्या सगळे खोटे बोललात, आणि जी चाके भुईवर उभी राहायची तीच राहिली नाहीत.

मला सर्वांत टोचले ते निराळेच. पाना मागायला आलेल्या माणसाला तू पूजेचा व्यत्यय ठरवलेस. अरे, खंडेनवमी ही हत्यारांची पूजा. जो हत्याराकडे कामासाठी हात पुढे करतो, तो त्या दिवशीचा सर्वांत मोठा उपासक. त्या हँगरात असा एकच होता आणि तो दाराशी उभा होता. मी आणि तू त्या दिवशी नुसती सजावट केली.

दत्तजयंतीपर्यंत थांबतो. तोवर स्वतः चौकशीत जा आणि घडले ते सांग. तू गेलास तर मी तुझ्या मागे उभा राहीन, सिद्धांतालाही घेऊन. न गेलास तर मी जाईन. मला मामा म्हणतोस ते म्हण. मामा करू नकोस.

नाना

*

दादर, ३ डिसेंबर

ती. नानांना लीलाचा नमस्कार.

हे पत्र ह्यांना ठाऊक नाही. ते गेलेले नाहीत आणि जाणारही नाहीत असे दिसते. रात्रंदिवस वकिलांशी कुजबूज चालते. कंपनीच्या साइटवरून तो फोटो परवा काढून टाकला. आता तुमच्या भिंतीवरची चौकट राहिली.

उद्या दुपारी मला तुमच्याकडे पाठवायचे ठरले आहे. "काच तडकलीये, बदलून आणते" असे म्हणून चौकट उचलून आणायची. काच तडकलेली नाही. ठाकूरद्वारच्या दुकानात मीच ती बसवून घेतली होती, चांगली जाड आहे.

नाना, मला खोटे बोलायला जमत नाही, आणि तुमच्यापुढे तर माझी जीभच वळायची नाही. तेव्हा मी येईन त्या वेळी घराला कुलूप असले तर फार बरे होईल. मग घरी परतून मी खरे तेच सांगेन, की कुलूप होते. तुमच्यासाठी आंबेहळदीचे लोणचे आणते आहे, ते शेजारच्या चंपाताईंकडे ठेवीन. फोडी मोठ्या झाल्या आहेत, दातांना जपून खा.

आपली
लीला

*

दादर, ५ डिसेंबर

मामा,

लीला परत आली. म्हणते, घराला कुलूप. तुम्ही भर दुपारी वामकुक्षी सोडून कुठे जाता, हे मला चांगले कळते. शेजारी विचारले तेव्हा समजले, पिशवीत चौकट घेऊन मेट्रोकडे गेलात.

मी तुमचा सख्खा भाचा आहे. तो तुमचा कोण? एका दोऱ्यासाठी आणि चार शब्दांसाठी तुम्ही माझा संसार उधळायला निघाला आहात. साहेबांनी मला स्पष्ट सांगितले, "वीरेंद्र, तुझं घर तुला सांभाळता येत नाही का?" काय उत्तर देऊ त्यांना?

एक लक्षात ठेवा. तुम्हाला मूलबाळ नाही. तुमच्यापुढे मडके कोणी धरायचे, हे आईच्या शब्दावर ठरलेले आहे. तुम्ही त्या माणसासाठी साक्ष देणार असाल, तर मडकेही त्यालाच धरायला सांगा. बघू, धरतो का.

वीरेंद्र

*

गिरगाव, मार्गशीर्ष वद्य एकादशी

चि. वीरेंद्र यास आशीर्वाद. डबा उपडा करून हा काढला आहे, जपून वापर.

गेल्या पत्राला उत्तर देण्यास उशीर झाला, कारण तू धाडलेल्या धमकीची व्यवस्था लावण्यात माझे काही दिवस गेले. ती शेवटी सांगतो.

त्या दुपारी मी भुयारी मेट्रोने वरळीस गेलो. वाहन आवडले. जमिनीच्या पोटातूनच चालत असल्याने त्याला पडण्याची भीती नाही. चाळीच्या जागी आता उंच इमारत झाली आहे. संघर्षाने दार उघडले आणि मला पाहून दारातच थबकला.

"आजोबा, तुम्ही? वीरेंद्र सरांचे मामा ना तुम्ही?"

"हो, म्हणूनच आलो. परका असतो तर घरी बसलो असतो."

"हे बघा, सहीबिही मागायला आला असाल तर—"

"सही माझ्याकडे मागितली आहे बाबा, मी तुझ्याकडे कशाला मागू? जरा पाणी दे, जिन्याचा सराव सुटला आणि लिफ्टची भीती वाटते."

तो हसला. त्याची मुलगी आतून आली आणि तिने विचारले, "हे पेढेवाले आजोबा?" वीरेंद्रा, तुझ्या अहवालात नाकारला गेलेला प्रसाद त्या घरात असा लक्षात राहिला आहे. मात्र त्याच्या बायकोने मला सरळ विचारले, "तुम्ही ऐकलं होतं ना सगळं? मग इतके दिवस कुठे होता?" पाणी प्यालो आणि दत्तजयंती उलटताच चौकट घेऊन चौकशीला गेलो.

चौकशी अधिकारी अनुजाबाई म्हणून आहेत, तुझ्या लीलाच्या वयाच्या. तुमचे वकील म्हणाले, "वयोवृद्ध आहेत, यांच्या आठवणीवर विसंबता येणार नाही." मी म्हटले, "अगदी बरोबर, म्हणून मी अध्यक्षांची आठवण सोबत आणली आहे," आणि चौकट मेजावर ठेवली. बाईंनी भिंग मागवले. मग दोरा मागवला आणि मला म्हणाल्या, "आजोबा, ती गाठ बांधून दाखवता?" मी बांधली. त्यांनी फोटोतली गाठ आणि माझी गाठ बराच वेळ पाहिली. मग तुमच्या वकिलांना विचारले, "तुमच्या साहेबांनी कापेपर्यंत हा दोरा अखंड होता, हे तुम्हाला मान्य आहे की साहेबांनी कापलेलाच दोरा कापला?" वकील पाणी प्याले. त्या खोलीत पाणी फार लागते.

पुराव्यासाठी तो पानाही आणलेला होता, पारदर्शक पिशवीत. कोरलेल्या आकड्यांच्या खाचांत माझे कुंकू अजून होते. मी अनुजाबाईंना म्हटले, "याची उत्तरपूजा राहिली आहे. न शिवता करतो." त्यांनी क्षणभर विचार केला; नियमांत मनाई आठवली नसावी. मी खिशातल्या चार अक्षता पिशवीवर वाहिल्या, समोरच्या पेल्यातले थोडे पाणी भुईवर सोडले आणि देवीला म्हटले, "आई, तुला फोटोसाठी खोळंबून ठेवले, क्षमा कर. आता यावे. याला साक्ष द्यायची आहे, आणि देव अंगात असताना कोणाला साक्ष देता येत नाही." लघुलेखकाने तेही लिहून घेतले. तुमच्या प्रकरणाच्या सरकारी कागदांत निदान एक वाक्य तरी प्रामाणिक आहे.

संघर्षाचा परवाना रोखू नये, असे बाईंनी लेखी कळवले. तुमच्या कंपनीने त्याचे निलंबन "स्थगित" केले आहे. चूक झाली, हे म्हणायला तुमच्या शब्दकोशात दुसरा शब्द नसावा. रुग्णालयातल्या बाईंना अध्यक्षांनी पुष्पगुच्छ पाठवला, त्याला लाल फीत होती, असे ऐकतो. ती कोणी कापली, ते कळले नाही.

आता मडक्याचे. परळच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन मी देहदानाचा अर्ज भरला. हत्यारासाठी आपली हाडे देणारा एक ऋषी आपल्याकडे होऊन गेला, तेव्हा शास्त्राची आडकाठी नाही. तुला मडके धरायचा त्रास नको आणि संघर्षाला धर्मसंकट नको. तेथील विद्यार्थी माझे सांधे सोडवून पाहतील, आणि कोणता कुठे झिजला होता, हे पाहिल्यावाचून लिहिणार नाहीत. तुमच्या विभागापेक्षा माझी तपासणी अधिक खरी होईल, हे समाधान घेऊन जाईन.

येत्या गुरुवारी तुला चौकशीत बोलावले आहे. लीला येईल, सिद्धांतही येणार म्हणतो; बापाचे नाव पेपरात कोणत्या क्रियापदाबरोबर येते, यावर त्याचे तोंड दाखवणे अवलंबून आहे, हे त्याला तुझ्यापेक्षा लवकर कळले. मी बाहेरच्या बाकावर बसेन. उजवा कान दाराकडे करून.

भिंतीवर पंचांगाशेजारी खिळा रिकामा आहे. तो काढलेला नाही. आपले नातेही मी सध्या हाताने आवळून ठेवले आहे. ते पक्के नाही. पक्के करायचा पाना तुझ्याकडे आहे, आणि या वेळी तो कोणत्याही पूजेत अडकलेला नाही.

नाना